सात डब्या आणि एक उलटा रिपोर्ट

रुग्ण ५७ वर्षांच्या बाई. थायरॉइड मंद असल्याने कित्येक वर्षं रोज लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी) १०० मायक्रोग्रॅम आणि मधुमेहासाठी नऊ वर्षांपासून मेटफॉर्मिन, दिवसाला २ ग्रॅम. दोन्ही दुखणी आजवर आटोक्यात होती. गेल्या सात-आठ महिन्यांत मात्र थकवा वाढला, केस गळू लागले, वजन चार किलोंनी वाढलं, बद्धकोष्ठ सुरू झालं आणि इतरांना उकडत असताना यांना गारठा वाटू लागला. रात्री तळपायांना मुंग्या यायच्या. नाडी मिनिटाला ५६. मुंग्या बाजूला ठेवल्या तर बाकीचं सगळं थायरॉइडचं संप्रेरक कमी पडत असल्याचं चित्र होतं.

रिपोर्ट मात्र नेमका उलटा. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा आणि थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की घटणारा संकेत, ०.३, म्हणजे ०.४ या खालच्या मर्यादेच्याही खाली. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं मोकळं संप्रेरक, २.२, म्हणजे १.७ या वरच्या मर्यादेच्या वर. नुसता कागद वाचला तर अर्थ एकच निघत होता, की गोळी जास्त होते आहे. डोस १०० वरून ७५ वर आणायचं जवळपास ठरलं होतं. बी-१२ आलं ४३० आणि ड जीवनसत्त्व ७१. दोन्हीत कमतरता नाही, म्हणून मुंग्यांचं खापर मधुमेहावर फुटलं होतं. पण लक्षणं आणि आकडे यांचा मेळ बसत नव्हता. डोस बदलण्याआधी एकदा सगळ्या गोळ्यांचा आढावा घ्यावा म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे, फार्मासिस्टकडे, पाठवलं.

हे एकाच व्यक्तीचं हुबेहूब वर्णन नाही. असा आढावा घेताना पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका रुग्णात गुंफून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे.

डब्यांची बेरीज

"औषधं कोणती घेता?" असं विचारलं की माणसं डॉक्टरांनी लिहून दिलेलीच सांगतात. सप्लिमेंट त्यांच्या लेखी औषध नसतं. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा लागतो: गोळी, कॅप्सूल, पावडर, थेंब, जे काही रोज तोंडात जातं ते सगळं डब्यांसकट घेऊन या. बाईंनी सात डब्या आणल्या. "ही औषधं नाहीत हो, नुसती ताकदीची आहेत," असंही सांगितलं. चिठ्ठीत यातलं एकही नव्हतं.

केसांसाठीची कॅप्सूल होती: बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम, सोबत १० मिलिग्रॅम बी-६. पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियमची गोळी, तिच्यात बी-६ ५० मिलिग्रॅम. एक मल्टिव्हिटॅमिन, त्यात २ मिलिग्रॅम बी-६, २.४ मायक्रोग्रॅम बी-१२ आणि १००० आययू ड जीवनसत्त्व. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी दिवसातून दोनदा, प्रत्येकीत ५०० आययू ड. शिवाय ड जीवनसत्त्वाची २००० आययूची वेगळी कॅप्सूल. लोहाची गोळी. आणि गुडघ्यांसाठी हळदीच्या अर्काची कॅप्सूल, ज्यात शोषण वाढावं म्हणून पिपेरिन हे मिऱ्यातलं द्रव्य घातलेलं होतं.

एकेक डबी हातात घेऊन वाचली तर कुठलीच भयंकर वाटत नाही, आणि इथेच फसगत होते. लेबल फक्त स्वतःच्या डबीपुरतं बोलतं, शरीरात मात्र सगळ्यांची बेरीज पोचते. ती कागदावर मांडली. ड जीवनसत्त्व दिवसाला ४००० आययू, म्हणजे प्रौढांसाठी मानलेल्या वरच्या सुरक्षित मर्यादेवर बरोबर टेकलेलं. तीन वेगवेगळ्या डब्यांतून येत असल्यामुळे बाईंना हे ठाऊकच नव्हतं. बी-६ दिवसाला ६२ मिलिग्रॅम. गरज असते दीड मिलिग्रॅमच्या आसपास.

बी-६ ची वरची मर्यादा कुठे आखायची यावर जगात एकमत नाही. अमेरिकेत ती १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे याच बाई एका हिशेबाने मर्यादेच्या आत आणि दुसऱ्या हिशेबाने पाचपट बाहेर. हा नुसता कागदी वाद नाही. बी-६ दीर्घकाळ जास्त गेलं तर संवेदना वाहणाऱ्या नसांना इजा होते, आणि तिची सुरुवात होते ती तळपायांच्या मुंग्यांनीच. १९८३ मध्ये हे पहिल्यांदा स्पष्टपणे नोंदलं गेलं तेव्हाचे रुग्ण दिवसाला काही ग्रॅम घेत होते. पुढे त्याहून फार कमी प्रमाणातही असे रुग्ण आढळले. पायांच्या तक्रारीसाठी घेतलेली गोळीच पायांची तक्रार वाढवत असेल, ही शक्यता पहिल्याच दिवशी मांडावी लागली.

तपासणी का चुकली

गोष्ट उलगडली ती केसांच्या कॅप्सूलपाशी. बायोटिनची रोजची पुरेशी मात्रा ३० मायक्रोग्रॅम धरतात. या कॅप्सूलमध्ये तिच्या तीनशेपटीहून जास्त होतं. खऱ्या बायोटिन-कमतरतेत केस गळतात हे खरं, पण अशी कमतरता दुर्मीळ आहे, आणि ती नसलेल्या माणसाचे केस बायोटिनने दाट होतात याला भक्कम पुरावा नाही. तरीही बाजारातल्या केसांच्या बहुतेक गोळ्यांमध्ये ते असतंच.

रक्ततपासणीशी याचा संबंध असा. प्रयोगशाळेतल्या अनेक तपासण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या दोन द्रव्यांच्या घट्ट पकडीवर चालतात. मोजायचा रेणू पकडणारी प्रतिद्रव्यं बायोटिनला जोडलेली असतात आणि ती स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेल्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. रुग्णाच्या रक्तातच भरपूर बायोटिन असेल तर ते आधीच त्या जागा अडवून बसतं. मग टीएसएचसारख्या तपासणीत, जिथे चिकटलेल्या रेणूंचा संकेत थेट मोजला जातो, आकडा खोटाच कमी येतो. फ्री टी-४, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या बहुधा स्पर्धात्मक पद्धतीच्या असतात: रक्तातला रेणू आणि खूण लावलेला रेणू एकाच जागेसाठी झगडतात, म्हणून रक्तात रेणू जास्त तितका संकेत कमी. तिथे संकेत घटला की यंत्र आकडा वाढलेला दाखवतं. टीएसएच कमी, टी-४ जास्त: थायरॉइडचा अतिरेक झाल्याचं हुबेहूब चित्र तयार होतं आणि त्यात कुठेही काही विसंगत दिसत नाही. एकच आकडा चुकला असता तर कुणी पुन्हा तपासायला सांगितलं असतं. इथे दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष देत होते, म्हणून डॉक्टरांनी अंगाकडे पाहून शंका घेतली हे मला फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडा बायोटिनमुळे खोटा कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात होती. सगळीच यंत्रं या पद्धतीची नसतात; काहींवर बायोटिनचा काहीच परिणाम होत नाही. प्रयोगशाळेला विचारलं तर त्यांची पद्धत कोणती हे ते सांगू शकतात. इथे विचारलं. पद्धत बायोटिनवर बेतलेलीच निघाली, आणि बाईंनी रक्त देण्याच्या साधारण दोन तास आधी कॅप्सूल घेतली होती, म्हणजे रक्तात बायोटिन ऐन भरात असताना.

सप्लिमेंटच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना एक गोष्ट कायम सुटते. बायोटिनला वरची मर्यादाच ठरवलेली नाही, कारण जास्त झालं तरी त्याची थेट विषबाधा दिसलेली नाही. लोक यावरून "कितीही घ्या, निर्धोक आहे" असा अर्थ काढतात. पण या बाईंना ज्याच्या आधारावर उपचार ठरायचे तो पुरावाच बायोटिनने बिघडवला होता. डोस ७५ वर आला असता तर संप्रेरक आधीच कमी पडणाऱ्या शरीराला आणखी कमी मिळालं असतं. अंगाला न लागताही एखादी गोळी माणसाला धोक्यात नेऊ शकते. म्हणून "ही चांगली का वाईट" एवढंच विचारून भागत नाही. ती कुठली उणीव भरते आहे आणि बाकीच्या औषधांचं, तपासण्यांचं काय करते आहे, हे दोन्ही विचारावं लागतं.

पुन्हा रक्त, आणि एक मोह

सामान्यपणे तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात. मात्रा फार मोठी असेल तर त्याहून जास्त. इथे केसांची कॅप्सूल आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही चार दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त घेतलं. टीएसएच ८.१. फ्री टी-४ ०.९, खालच्या टोकाला. बी-१२ १७८, म्हणजे कमी. ड जीवनसत्त्व ४४, व्यवस्थित. बी-१२ बद्दल शंका राहू नये म्हणून मिथाइलमॅलॉनिक आम्लही मोजलं. पेशींना बी-१२ कमी पडलं की ते वाढतं, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलं तर बायोटिनची लुडबूड होत नाही. ते वाढलेलंच होतं, मूत्रपिंडं ठीक असताना.

लक्षणं पहिल्यापासून खरं सांगत होती. आता डॉक्टरांपुढे आणि माझ्यापुढे उलट दिशेचा मोह उभा राहिला: टीएसएच ८ आहे तर थायरॉइडचा डोस वाढवावा. त्याआधी मी बाईंना सकाळचा क्रम विचारला. "काही विसरू नये म्हणून सगळ्या गोळ्या एकदमच घेते, अनशापोटी." कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि थायरॉइडची गोळी, एकाच घोटात. कॅल्शियम आणि लोह दोन्ही आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि त्याचं शोषण घटवतात. त्यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. म्हणजे गोळी १०० ची असली तरी शरीरात पुरती जात नव्हती. डोस वाढवला असता आणि पुढे कधी कॅल्शियम सुटलं असतं, तर वाढलेला डोस पूर्ण शोषला जाऊन धडधड आणि हाडांची झीज सुरू झाली असती.

तेव्हा डोस कमीही केला नाही, वाढवलाही नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या तासभर आधी. बाकी काहीही दुपारच्या जेवणाआधी नाही. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य आठवड्याभराचं असल्याने बदल दिसायला वेळ लागतो. आठ आठवड्यांनी टीएसएच २.७ आला. गोळी तीच, १०० मायक्रोग्रॅमची.

काय ठेवलं, काय काढलं

बी-१२ ची उणीव मेटफॉर्मिनमुळे होती असं मानायला भरपूर आधार होता. हे औषध दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये बी-१२ चं शोषण घटतं, म्हणून अशांची वेळोवेळी तपासणी करावी असं सांगितलं जातं. सात डब्यांचा ढीग असताना खरी गरज असलेली एकमेव गोष्ट त्यात जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम होती. मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर "गरजेच्या १०० टक्के" लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ज्याचं शोषणच मंदावलं आहे त्याला शंभर टक्के पुरत नाहीत.

बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची, फक्त बी-१२ च असलेली गोळी सुरू केली. लेबलवर गरजेच्या ४१,६६७ टक्के असा आकडा पाहून बाई घाबरल्या, आणि घाबरणं योग्यच होतं, कारण नुकतंच त्यांना बी-६ आणि बायोटिनच्या मोठ्या आकड्यांबद्दल सावध केलं होतं. फरक समजावून सांगावा लागला. पोटातल्या एका प्रथिनाच्या मदतीने एका वेळी बी-१२ चे दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जाऊ शकतात. त्यापलीकडे जे जातं ते मदतीशिवाय झिरपतं, साधारण एक टक्का. हजारांतले दहाएक मायक्रोग्रॅम पोचावेत म्हणून गोळी हजारांची असते. मोठा आकडा एका जीवनसत्त्वात शोषणाची अडचण ओलांडण्यासाठी असतो आणि दुसऱ्यात नसांना इजा करतो. नुसत्या टक्केवारीवरून हे कळत नाही. बाईंनी बी-१२ च्या दोन रूपांबद्दल "मेथिल घेऊ की सायनो?" असंही विचारलं. सायनोकोबालमिन टिकाऊ असतं आणि उणीव भरून काढतं. मेथिलकोबालमिन त्याहून सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही. जास्त पैसे त्यासाठी मोजू नका, एवढंच सांगितलं.

मॅग्नेशियम-बी-६ आणि केसांची कॅप्सूल बंद. लोहही बंद: हिमोग्लोबिन १२.८ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १४०, दोन्ही ठीक होतं. पाळी गेलेल्या बाईला लोहाची गरज निम्म्याहून कमी होते, आणि शरीराकडे जास्तीचं लोह बाहेर टाकायचा मार्ग नसतो. थकवा म्हणजे लोह कमी, हा समज इतका पक्का असतो की फेरिटिन न पाहताच महिनोन्महिने गोळ्या चालतात. उद्या खरंच फेरिटिन घसरलं तर लोहाच्या गोळ्या नुसत्या घेत राहण्यापेक्षा रक्त कुठून जातं आहे ते शोधणं जास्त महत्त्वाचं ठरेल.

कॅल्शियमचा हिशेब आहारापासून केला. आहारातून सुमारे ८०० मिलिग्रॅम मिळत होतं. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांची गरज १२०० धरतात. मग रोज हजार मिलिग्रॅम वरून ओतायचं कारण राहत नाही. दुपारच्या जेवणासोबत एकच गोळी. "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम" म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, कारण या क्षारात ते ४० टक्के असतं. सिट्रेटमध्ये २१ टक्के. काही लेबलं क्षाराचं वजन ठळक छापतात आणि खरी मात्रा बारीक अक्षरात, ते बघून घ्यावं. जास्त कॅल्शियम निरुपद्रवी नाही: ३६,००० हून अधिक स्त्रियांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००६) रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० आययू ड घेणाऱ्यांमध्ये मुतखडे १७ टक्के जास्त झाले. ड जीवनसत्त्वाची वेगळी कॅप्सूल काढली; २०२२ च्या मोठ्या चाचणीत, कमतरता आहे म्हणून न निवडलेल्या माणसांमध्ये रोज २००० आययूने हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नव्हतं.

हळदीच्या कॅप्सूलवर बाईंचा जीव होता. "गुडघ्याला खरंच बरं वाटतं," म्हणाल्या, आणि गुडघेदुखीत थोडाफार उपयोग दाखवणारे छोटे अभ्यास आहेतही. पण पिपेरिन घातलं की हळदीतल्या कर्क्युमिन या मुख्य घटकाचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, आणि अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण अमेरिकेत आणि इटलीत नोंदले गेले आहेत. अर्क म्हणजे स्वयंपाकातली चिमूटभर हळद नव्हे. त्यांचं यकृत ठीक होतं. तरीही कॅप्सूल थांबवली, कारण पिपेरिन इतर औषधांचंही शोषण बदलू शकतं आणि इथे आधीच खूप गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. हा निर्णय बाईंना पटला नाही, तो त्यांनी फक्त मान्य केला. गुडघ्यांसाठी व्यायामतज्ज्ञांकडे पाठवलं.

मल्टिव्हिटॅमिनही गेली. ती काढताना कळलं की त्यांचे यजमानही तीच घेतात, आणि ते पूर्वी धूम्रपान करत. तिच्यात बीटा-कॅरोटीन होतं, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत (१९९४) रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाला होता. फायदा होईल या आशेने सुरू केलेली ती चाचणी होती. मल्टिव्हिटॅमिनमध्ये मात्रा कमी असते, पण उणीव काही नसताना तेवढीही जोखीम का घ्यायची? त्यांचीही थांबवली.

उरलेल्या दोन डब्या कशा निवडल्या

बी-१२ आणि कॅल्शियम-ड, एवढंच उरलं. दोन्हीसाठी एकच घटक किंवा मोजके घटक, प्रत्येकाची मात्रा स्वतंत्र छापलेली, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट, आणि शक्य असेल तिथे स्वतंत्र तपासणीची खूण: यूएसपी, एनएसएफ यांसारख्या संस्थांची. ही खूण सांगते की लेबलवर आहे ते आत तेवढंच आहे, शिसं वगैरे मर्यादेत आहे, गोळी पोटात विरघळते. तिचा उपयोग होईल की नाही, ते ती सांगत नाही. "खास मिश्रण" असं लिहून सगळ्या घटकांचं मिळून एकच वजन देणारी डबी घेऊ नये. बेरीजच करता येत नाही. वजन झटपट उतरवणाऱ्या, कामशक्ती वाढवणाऱ्या आणि स्नायू फुगवणाऱ्या गोळ्यांपासून दूरच राहावं. एफडीएच्या नोंदींनुसार २००७ ते २०१६ या काळात लपवून औषध मिसळलेली ७७६ सप्लिमेंट सापडली, त्यांतली बहुतेक याच तीन प्रकारांतली.

सहा महिन्यांनंतरची स्थिती: वजन तीन किलोंनी उतरलं, बद्धकोष्ठ आणि गारठा गेला, नाडी ६८. केस गळणं चौथ्या महिन्यापासून कमी झालं, थायरॉइड ताळ्यावर आल्यावर जेवढा वेळ लागतो तेवढाच. मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, अंगठ्यांच्या टोकांशी थोड्या उरल्या आहेत. त्या बी-१२ मिळाल्याने कमी झाल्या की बी-६ थांबल्याने, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकदम केलं. नसांच्या बाबतीत एकेक करून थांबणं योग्य नव्हतं. मिथाइलमॅलॉनिक आम्ल सामान्य पातळीवर आलं आहे. चालू गोळ्यांची यादी, सप्लिमेंटसकट, डॉक्टरांच्या फाइलला लावली आहे. मेटफॉर्मिन सुरू आहे तोवर बी-१२ सुरू राहील आणि दर वर्षी तपासलं जाईल.